ऑफिस टाइमचं मस्टर

मार्च संपता संपता आम्ही पिटुनिया उपटले.
सुकलेल्या झेंडूची बोंडं चुरीबाईंनी
जुन्या पाकिटात भरली, वर तारीख घातली,
आणि मोकळ्या वाफ्यांकडे बघत सिल्वेस्टर म्हणाला,
आता ह्या उन्हात टिकणार कोण?

टिकणारे ठरलेले असतात.
कर्दळ नळाजवळ, जिथे गळतं तिथे.
झिनिया मधल्या गोलात.
सदाफुली कुणी न लावता कुठेही.
आणि कुंपणालगतच्या लांब पट्ट्यात ऑफिस टाइम:
बोटभर काडी नखाने खुडायची,
मातीत खोचायची, विसरायची.
रंगाची हमी नाही. गडा बहिणींनी
राणी रंगाच्या म्हणून आणल्या होत्या,
निम्म्या निघाल्या गाजरी.

आम्ही येतो रविवारी साडेसहाला,
नऊला पांगतो. कुणाची भाजी, कुणाची पूजा,
सिल्वेस्टरचं चर्च.
दहाला बाग बंद. तसा बोर्डच आहे:
सकाळी पाच ते दहा, दुपारी चार ते नऊ.
आणि ही फुलं उमलतात दहाला,
मिटतात तीनला.

हे माझ्या लक्षात यायला तीन उन्हाळे लागले.
तीन वर्षं आम्ही रंग लावत होतो
आणि बघत होतो नुसत्या मिटल्या कळ्या,
सादळलेल्या काडेपेटीतल्या गुलांसारख्या.

"मी बघतो की," खरमाळे म्हणाले.
खरमाळे वॉचमन, कंत्राटावरचे.
केबिनच्या खणातून त्यांनी रजिस्टर काढलं,
पट्टीने आखलेलं:
वाफा, रंग, हजर, वेळ, शेरा.
"ऑफिस टाइम नाव आहे ना? मग मस्टर नको?"

बँकेत बत्तीस वर्षं मी लेजर लिहिलं,
असे रकाने पाहिले नव्हते.

४ एप्रिल. पूर्व पट्टा. राणी ५२, लिंबू १७, पांढरे ९. वेळेवर.
११ एप्रिल. एक गाजरी दोन मिनिटं आधी. शेरा: नवीन असेल.
१९ एप्रिल. ताम्हणाच्या पाकळ्या अंगावर पडल्या, मोजणीत घोळ.
२ मे. पूर्व पट्टा, सगळे लेट. दहा पस्तीस.
९ मे. सगळे लेट. अकरा पाच.
शेरा कोरा.

मी मान वर केली.
पलीकडे हिरव्या जाळीतला टॉवर,
एप्रिलपासून आणखी चार मजले चढलेला.
सूर्य हल्ली दोनदा उगवतो,
आधी मुलुंडला, मग आमच्या बागेला.

"चूक त्यांची नाही," खरमाळे म्हणाले,
"पण लेट तो लेट.
मला मशीनवर अंगठा द्यावा लागतो.
दोन मिनिटं इकडेतिकडे, अर्धा दिवस कापतात."
मग जरा थांबून,
"ह्यांचा कापला नाही मी."

पुढच्या वर्षी पूर्वेला कोलियस लावू,
सावलीत चालतो, असं गडा बहिणींनी सुचवलं.
सगळ्यांना पटलं.
खरमाळे पाइप गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले.

काल गुरुवार. मी साडेअकराला गेले,
छत्री घेऊन, घरी न सांगता.
फाटकाचे गज तापलेले.
"आत येऊ?"
त्यांनी पेनाने बोर्ड दाखवला.
मग रजिस्टर काखेत मारून कुंपणाशी आले,
पानावर बोट ठेवलं, आवाज चढवला.

"पूर्व पट्टा! राणी?"
मी गजांतून बघितलं.
इतकी राणी, की डोळे बारीक करावे लागले.
"हजर."
"लिंबू?"
"हजर. सतरा. नाही, अठरा."
त्यांनी सतरा खोडलं.
"गाजरी?"

सावलीची कड पट्ट्यावरून सरकत होती,
पाहुणे गेल्यावर कुणी सतरंजी ओढावी तशी सावकाश.
शेवटच्या ओळीत एक अजून अर्धं सावलीत,
एकच पाकळी सैल झालेली.

"गाजरी?" पुन्हा.
रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गेला, पोट फिरवत.
"थांबा," मी म्हटलं.
खरमाळ्यांचं पेन तसंच वर.
"थांबा जरा. येतंय."